विकत घेतलेली मोटार परत करता येते काय?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या परिचयातील एका कुटुंबाने नवी मोटार घेतली. घर सीमाभागातील एका खेड्यातले, शेतीवाडीचे. थोरला मुलगा आखाती देशात नोकरीस. त्याने चार वर्षे साठवलेल्या पैशाला बँकेच्या कर्जाची जोड देऊन ही खरेदी झालेली. शनिवारी दुपारी शहरातील शोरूममध्ये गाडी ताब्यात मिळाली आणि संध्याकाळी ती थेट चर्चच्या दारात येऊन उभी राहिली. फादरांनी प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडले, जमलेल्या पोरांना पेढे मिळाले, आरशाला जपमाळ अडकवण्यात आली आणि आजीबाईंना पुढच्या आसनावर बसवून गावाला एक फेरी घालण्यात आली. पाचव्या दिवशी पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी पाहतात तो पुढल्या डाव्या दारातून पाणी आत शिरून पायाखालची चटई चिंब झालेली. गावच्या मिस्त्रीने दार उघडले, कडेवरून बोट फिरवले आणि सांगितले, "ह्या दाराला दुसऱ्यांदा रंग दिलेला आहे. तुमच्याकडे येण्यापूर्वी गाडी कुठेतरी आपटली असली पाहिजे."

त्या रात्री घरात तीन मते झाली. धाकटे काका म्हणाले, उद्याच गाडी नेऊन शोरूमच्या दारात उभी करावी आणि पैसे मोजून घ्यावेत. तीस दिवसांच्या आत कोणतीही वस्तू परत करता येते, असा कायदाच आहे. वडिलांचे म्हणणे असे की, एकदा नावावर झालेली गाडी जगात कोणी परत घेत नाही, तेव्हा उगाच शोभा करून घेऊ नये. आणि आजीबाईंची शंका सर्वांहून निराळी होती. "अरे, फादरांनी आशीर्वाद दिलेली गाडी परत कशी करायची?"

रविवारी मिस्सा झाल्यावर वडील कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. हा प्रश्न अलीकडे आम्हाला अनेकांनी विचारला आहे, म्हणून त्याची चर्चा ह्या पानावर करण्याचे आम्ही योजले.

प्रथम आजीबाईंच्या शंकेचे निरसन करू, कारण ती विचारायला इतरांना संकोच वाटतो. ख्रिस्तसभेच्या जुन्या रोमन विधिग्रंथात वाहनावरील आशीर्वादाची एक प्रार्थना आहे. तीत प्रेषितांच्या कृत्यांमधील त्या इथिओपियन अधिकाऱ्याची आठवण केली आहे, जो आपल्या रथात बसून पवित्र शास्त्र वाचीत चालला होता आणि ज्याला फिलिपने वाटेत श्रद्धेचे दान दिले. प्रार्थनेचा रोख रथावर नाही, रथात बसणाऱ्यावर आहे. प्रवास करणारी माणसे सुखरूप राहावीत, एवढेच तीत मागितले आहे. दाराच्या पत्र्यातील खोट त्या आशीर्वादाने झाकली जात नाही, आणि सदोष गाडी परत दिल्याने आशीर्वादाचा अवमानही होत नाही. उलट, जिच्यात पाणी शिरते अशा गाडीत म्हाताऱ्या माणसाला बसवून नेणे हेच त्या प्रार्थनेच्या उद्देशाविरुद्ध म्हणावे लागेल.

आता काका आणि वडील. दोघांचेही अर्धे बरोबर होते.

मन बदलले, रंग आवडेनासा झाला, शेजाऱ्याला तीच गाडी स्वस्तात मिळाल्याचे कळले, किंवा हप्ता झेपत नाही असे पहिल्याच महिन्यात लक्षात आले, म्हणून मोटार परत करण्याचा हक्क आपल्या देशातील कोणत्याही कायद्याने खरीददाराला दिलेला नाही. सौदा पुरा झाला की वस्तू आपली. शिवाय मोटारीचे दुखणे असे की, तिची आपल्या नावे नोंदणी झाली त्याच दिवशी ती कागदोपत्री जुनी झाली. पुढे ती कोणीही घेतली तरी तो दुसरा मालक म्हणूनच लिहिला जाणार. म्हणून मन बदलायचे असेल तर ते नोंदणीपूर्वी बदलावे. विसार दिल्यानंतर आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी सौदा मोडल्यास विसारापैकी किती रक्कम परत मिळेल, हे मागणीच्या छापील कागदावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. तो कागद आपल्याकडील शंभरातले किती लोक वाचतात, ह्याचा हिशेब आम्ही मांडू इच्छीत नाही.

काकांच्या तीस दिवसांचे मूळ मात्र खरे आहे. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ह्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. बिलात किंवा पावतीत जी मुदत लिहिली असेल त्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्या यादीतील एक अनुचित प्रथा होय. सारा भार "सदोष" ह्या एका शब्दावर आहे. काकांनी तीस दिवस ऐकले होते. तो शब्द कोणी त्यांच्या कानी घातला नव्हता. पावतीच्या तळाशी छापलेले "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य मन बदललेल्या गिऱ्हाइकाला लागू पडते. सदोष मालाच्या बाबतीत त्या वाक्याची ढाल विक्रेत्याला पुरी पडत नाही.

मग दोष म्हणजे काय? आणि दोष निघाला म्हणजे संपूर्ण गाडी परत करता येते, की केवळ दुरुस्ती मागता येते? खरा वाद नेहमी येथेच होतो. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा, म्हणजे आपल्या बहुतेक वाचकांच्या जन्मापूर्वीचा. पण तो आजही चालू आहे आणि त्याची भाषा स्वच्छ आहे. तो विक्रीतील वचनांचे दोन वर्ग करतो. सौद्याचा पायाच असलेले वचन ही शर्त; ती मोडली तर खरीददार वस्तू नाकारू शकतो. जोडीचे, दुय्यम वचन ही हमी. ती मोडली तर नुकसानभरपाई मिळते, वस्तू मात्र ठेवून घ्यावी लागते. "नवी गाडी" म्हणून वापरलेली गाडी दिली तर शर्त मोडली. काच खाली करण्याची कळ अडखळते, ही दुरुस्तीची बाब.

ह्याच कायद्यातील दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खरीददाराने माल एकदा स्वीकारला की शर्तीचा भंगसुद्धा हमीच्या भंगाइतकाच उरतो, म्हणजे परत करण्याचा हक्क जाऊन भरपाईचा राहतो. आणि स्वीकार केवळ तोंडाने होतो असे नाही. माल नाकारल्याचे न कळवता वाजवी काळापेक्षा अधिक तो स्वतःकडे ठेवला तरी स्वीकार झाला असे कायदा मानतो. याउलट, न तपासता घेतलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत स्वीकारलेला समजत नाहीत, आणि विक्रेत्याने मागणी केल्यावर अशी संधी देणे बंधनकारक आहे. नाकारलेला माल विक्रेत्याच्या दारापर्यंत वाहून नेण्याचीही सक्ती नाही. नाकारला असे कळवणे पुरे. एवढे जुने कलम, पण त्याच्या आधारे मनुष्य गप्प बसतो तेव्हा काय गमावतो, हे स्पष्ट दिसते.

न्यायालयांनी ह्या तत्त्वांचे प्रत्यक्षात काय केले, ते पाहू.

गोव्यातील एका गृहस्थांनी २०११ साली नवी म्हणून एक मोटार घेतली. पुढे निघाले असे की, गाडी २००९ साली तयार झालेली, ६२२ किलोमीटर धावलेली, आणि तिच्या खालच्या बाजूला गंज धरलेला. त्यांनी बदली गाडी वा पैसे मागितले, विक्रेत्याने नाकारले, प्रकरण जिल्ह्याच्या ग्राहक मंचापासून दिल्लीपर्यंत गेले. ग्राहक मंचांनी विक्रेता आणि टाटा मोटर्स ही कारखानदार कंपनी अशा दोघांनाही जबाबदार धरले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला: विक्रेत्याने जुनी गाडी नवी म्हणून दिली, हे कारखानदाराला ठाऊक होते असे सिद्ध झालेले नाही, विक्रेता हा कारखानदाराचा हस्तक नसून स्वतंत्र व्यापारी आहे, सबब कंपनीवरील जबाबदारी रद्द. विक्रेत्याचा दोष तसाच राहिला. दहा वर्षे! आमच्या वाचकांनी ह्या निकालातून एवढे घ्यावे की, दारावर मोठ्या कारखान्याची पाटी असली म्हणून आत बसलेला मनुष्य कारखान्याचा होत नाही. आपला सौदा त्या विक्रेत्याशी झालेला असतो. तक्रार करताना पत्र दोघांनाही पाठवावे, आणि कोणाचा कोणता दोष ते निरनिराळे लिहावे.

त्यापूर्वी २००६ साली मारुती कंपनीच्या एका गाडीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. क्लचमध्ये दोष होता. खालच्या आयोगाने गाडीच बदलून देण्याचा हुकूम केला होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही, कारण कंपनीच्या वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे वचन होते, संपूर्ण गाडी बदलण्याचे नव्हते. वॉरंटीची जी पुस्तिका आपण कपाटात जपून ठेवतो, ती बहुतेक वेळा दुरुस्तीचे वचन असते, परतीचे नव्हे. मात्र दोषच असा असेल की त्यामुळे जिवाला धोका, तर न्यायालयाचा हात सैल सुटतो. २०२२ साली ह्युंदाई कंपनीच्या प्रकरणात अपघाताच्या वेळी हवेच्या पिशव्या उघडल्याच नाहीत. मालकाने गाडी घेऊन दोन वर्षे उलटली होती, तरी गाडी बदलून देण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. धडक किती वेगाने झाली म्हणजे पिशवी उघडावी, ह्याचे गणित सामान्य ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद आली: लोकांना वा पर्यावरणाला अपाय करणारा दोष एखाद्या नमुन्याच्या गाड्यांत आढळल्यास सरकार त्या सगळ्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम कारखानदाराला देऊ शकते, आणि मग त्याला दुरुस्ती, बदली गाडी अथवा किंमत ह्यांपैकी काहीतरी द्यावे लागते.

ज्यांची मुले इंग्लंडात स्विंडनकडे स्थायिक झाली आहेत, त्या गोव्यातील घरांतून आम्हाला ऐकू येते की तिकडे सगळे सोपे आहे. काहीसे खरे आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष वस्तू, मोटारसुद्धा, तीस दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. पण तेथेही दोष लागतोच. अमेरिकेत १९८२ साली कनेक्टिकट राज्याने प्रथम असा कायदा केला की, पुन्हा पुन्हा दुरुस्त करूनही न सुधारणारी नवी गाडी कारखानदाराने बदलून द्यावी वा तिची किंमत परत करावी. तिकडे अशा गाडीला बोलीभाषेत लिंबू म्हणतात. आपल्या मुलखात दृष्ट लागू नये म्हणून गाडीलाच लिंबू बांधतात, आणि आमच्या काही ख्रिस्ती बंधूंच्या गाड्यांखालीही ते लोंबताना आम्ही पाहिले आहे; त्यांनी जपमाळ आणि लिंबू ह्यांपैकी एक काहीतरी निवडावे, एवढे जाता जाता सुचवतो.

आता पुन्हा त्या शनिवारच्या दुपारीकडे वळू. वडिलांनी आणलेल्या पिशवीत एक छापील कागद होता. "गाडी तपासून पाहिली, समाधानकारक आहे" असे त्यावर होते आणि खाली थोरल्या मुलाची सही. गाडी तपासली होती काय? नाही. चर्चमध्ये सहाची वेळ ठरली होती, फादरांना दुसऱ्या गावी जायचे होते, आजीबाई नवे लुगडे नेसून वाट पाहत होत्या. शोरूमवाल्याने हार घातला, फोटो काढला, चावी हाती दिली. अशा वेळी कोण वाकून दाराची कड पाहणार? आमच्या मते नव्या गाडीच्या बाबतीत आपल्या लोकांचे जे काही नुकसान होते, त्यातले बहुतेक ह्या अर्ध्या तासात होते. म्हणून गाडी ताब्यात घेण्याचा दिवस आणि आशीर्वादाचा दिवस निरनिराळे ठेवावेत. शक्य तर नोंदणीसाठी कागद जाण्यापूर्वीच, दिवसाच्या उजेडात, ओळखीचा मिस्त्री बरोबर नेऊन गाडी पाहावी. इंजिनाचा व चेसिसचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा. विक्रीच्या दाखल्यावर, ज्याला नमुना २१ म्हणतात, गाडी तयार झाल्याचा महिना व वर्ष लिहिलेले असते, ते वाचावे. किलोमीटरचा काटा पाहावा. चारी दारांच्या कडा, डिकीतील स्टेपनीची जागा, काचांवरील छापे पाहावेत. जे खटकेल ते त्या समाधानाच्या कागदावरच हाताने लिहून मग सही करावी, आणि त्याची प्रत मागून घ्यावी. विक्रेता म्हणेल, "अहो, आम्हावर विश्वास नाही काय?" विश्वास आहे म्हणूनच सही करतो आहोत, असे हसून सांगावे.

जुन्या गाडीची गोष्ट वेगळी, आणि खरे सांगायचे तर आपल्या खेड्यांत जुन्या गाड्यांचीच उलाढाल अधिक. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याकडून गाडी घेतली तर ग्राहक कायदा लागतो. परंतु आपल्याच धर्मग्रामातल्या एखाद्या गृहस्थाने आपली एकुलती एक गाडी विकली, तर तो व्यापारी नव्हे. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. आणि तेथे १८७२ सालचा करार कायदा पुढे येतो. ह्या कायद्यात फसवणुकीचे कलम समजावून सांगण्यासाठी एका घोड्याचे दाखले दिले आहेत. अ ह्याने ब ह्याला लिलावात घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे अ जाणतो, पण काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दुसरा दाखला: ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तेव्हा मात्र खोड सांगणे अ चे कर्तव्य ठरते. तिसरा दाखला सर्वांत उपयोगी: ब विचारतो की, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन. अ गप्प राहतो. आता ते गप्प राहणे बोलण्यासारखेच आहे.

पाहा, एका प्रश्नाने केवढा फरक पडला. घोडा तोच, खोड तीच, विकणारा तोच. न विचारणाऱ्याला कायदा म्हणतो, तू आपले डोळे का उघडले नाहीस? शिवाय तो असेही सांगतो की, साध्या काळजीने जे कळले असते, त्याविषयीच्या मौनाचे निमित्त करून करार मोडता येणार नाही. म्हणून जुनी गाडी घेताना थेट विचारावे: अपघात झाला होता काय? पाण्यात बुडाली होती काय? काटा मागे फिरवला आहे काय? कर्ज शिल्लक आहे काय? दोन माणसांदेखत विचारावे, आणि उत्तर सौद्याच्या कागदावर लिहून घ्यावे. पुराचा प्रश्न तर आपल्या भागात कधीच वगळू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात, ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने वडोदऱ्यात कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या असे समजण्याचे कारण नाही; धुऊनपुसून कितीएक पुन्हा बाजारात येतात. आसनाखालच्या बोल्टांवरील गंज, गालिच्याखालची बारीक माती आणि बंद गाडीतला कुबट वास ही त्यांची ओळख.

घोड्याचा दाखला कायद्याने कोठून घेतला हे बाजूला ठेवू. पण त्याच्या सहाशे वर्षे आधी संत थॉमस आक्विनास ह्यांनी नेमका हाच विषय आपल्या महाग्रंथात हाताळला आहे, आणि योगायोग असा की तेथेही घोडाच आहे. विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगितलाच पाहिजे काय, असा त्यांचा प्रश्न. घोड्याला एकच डोळा असेल तर तो दोष सर्वांना दिसतो. त्या मानाने किंमत कमी घेतली असेल तर बोलून दाखवण्याची गरज नाही. पण दोष झाकलेला असेल आणि त्यापायी घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल वा त्याच्या जिवाला धोका असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. लंगडा घोडा वेगवान म्हणून, पडके घर मजबूत म्हणून विकणारा पाप करतो. येथे संत थॉमस मोठे व्यवहारी दिसतात. दोषाची दवंडी पिटण्याची गरज नाही, असे ते म्हणतात, कारण दवंडी ऐकून वस्तूचे गुण न पाहताच लोक पळून जातील. जो घ्यायला येईल त्याला एकट्याला सांगावे. आणि विकणाऱ्याला दोष ठाऊकच नव्हता, नंतर कळला, तर? तर त्याला पाप लागत नाही, पण कळल्या दिवसापासून घेणाऱ्याची भरपाई करणे त्याला प्राप्त आहे. हाच नियम ते घेणाऱ्यालाही लावतात: सोने पितळेच्या भावाने विकले जात आहे हे ज्याला कळते, त्यानेही बोलले पाहिजे.

म्हणजे कायद्याच्या घोड्यापुढे गप्प राहता येते, संत थॉमसच्या घोड्यापुढे राहता येत नाही. कायद्याने मुलीच्या बाबतीत जे कर्तव्य सांगितले, ते धर्माने शेजाऱ्यापर्यंत नेले आहे. आम्हाला एक सद्गृहस्थ ठाऊक आहेत. २०१९ च्या पुरात त्यांची गाडी इंजिनापर्यंत पाण्यात होती. दोन वर्षांनी ती त्यांनी धर्मग्रामातील एका तरुण शिक्षकाला विकली. शिक्षकाने काही विचारले नाही, ह्यांनी काही सांगितले नाही. आठ दिवसांनी रात्री ते स्वतःच शिक्षकाच्या घरी गेले, हकीकत सांगितली आणि म्हणाले, "गाडी परत घेतो, नाही तर चाळीस हजार परत घ्या." शिक्षकाने चाळीस हजार घेतले. अशा परतीला कोणत्याही न्यायालयाचा शिक्का लागत नाही. फक्त कागदांचे विसरू नये: गाडी परत घेतली तर नोंदणीही पुन्हा बदलून घ्यावी लागते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक; गाडी तिसऱ्याच्या हाती असताना अपघात झाला तरी भरपाईसाठी त्यालाच बोलावतात. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायचे असते.

दोष निघालाच तर काय करावे, ते आता थोडक्यात. कळल्या दिवशी गाडी वापरणे थांबवावे आणि छायाचित्रे काढावीत. फोनवर भांडत बसू नये. लेखी कळवावे, रजिस्टर्ड पत्राने वा ईमेलने, आणि त्यात गाडी नाकारतो की दुरुस्ती मागतो हे साफ लिहावे. गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी जॉब कार्ड मागून घ्यावे. आपण सांगितलेला दोष त्यावर आपल्या शब्दांत लिहिला आहे की नाही ते पाहावे. बँकेचे हप्ते मात्र थांबवू नयेत. कर्ज हा निराळा करार आहे, आणि शोरूमवरचा राग बँकेवर काढला तर दोन्हीकडून तोटा. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रथम तक्रार नोंदवता येते. पुष्कळ वेळा तेवढ्यानेच विक्रेता बोलू लागतो. नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तेथेच होते, आणि शोरूम दूरच्या शहरात असली तरी आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. डोळ्यांनी न दिसणारा दोष असेल तर आयोग गाडी तज्ज्ञांकडे वा प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. पर्यटकांची टॅक्सी चालवून स्वतःचे पोट भरणाऱ्या आमच्या गोव्याच्या बांधवांनी आपण धंद्यासाठी गाडी घेतली म्हणून ग्राहक नाही, असे समजू नये. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून चालवलेल्या वाहनाचा मालक ग्राहकच असतो.

त्या कुटुंबाचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. त्यांनी नवव्या दिवशी पत्र पाठवले. शोरूमने प्रथम मुलाच्या सहीचा कागद दाखवला आणि हात झटकले. हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर तीन आठवड्यांनी कबूल केले की, कारखान्यातून येताना ट्रकवर दार चेपले होते आणि ते येथे रंगवून घेतले. गाडी परत घेण्यास ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. जिल्हा आयोगात जावे असे आमचे मत होते, आणि ते आम्ही सांगितलेही. पण मुलाची सुट्टी संपत आली होती, आणि वडिलांना एकट्याने तारखांना जाण्याचा धीर होत नव्हता. अखेर नवे दार, नवे रबर आणि तीस हजार रुपये एवढ्यावर तडजोड झाली. गाडी त्यांच्याच अंगणात आहे. आजीबाई पुढच्याच आसनावर बसतात, पण पाऊस सुरू झाला की अजून खाली हात घालून चटई चाचपून पाहतात.